विषारी वायू आणि लग्नाचं वय



लोणच्याला बुरशी का येते, पैठणीची घडी किती दिवसांनी मोडावी, मुलगा दूध पीत नाही तर काय करू, अशा पत्रांना उत्तर देणं त्या मानानं सोपं. गेल्या महिन्यात आलेलं एक पत्र मात्र मी तीन आठवडे बाजूला ठेवलं होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईनं ते लिहिलं आहे. मुलगी रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी जागा मिळाली आहे, शिष्यवृत्तीसकट. विषय काय, तर फ्लोरिनची संयुगं बनवण्याचं रसायनशास्त्र आणि उत्प्रेरण. "तिच्या मामांनी पुस्तक काढून पाहिलं, तर फ्लोरिन हा भयंकर विषारी वायू आहे म्हणे. तो शोधताना माणसं मेली आहेत. अशा ठिकाणी पोरीला कशी पाठवू?" दोन पानं हेच. मग सही. आणि सहीच्या खाली ता. क. म्हणून बारीक अक्षरात: "स्थळ चांगलं सांगून आलं आहे. तिला सव्विसावं लागेल. परत येईपर्यंत तीस."

बाईमाणसाचं खरं पत्र ता. क. मध्ये असतं, हे मी तुम्हांला सांगायला नको. पण ता. क. कडे नंतर येते. आधी दोन पानांना उत्तर देते, कारण मुलीचा विषय काय हे कळल्याशिवाय आईला भीतीसुद्धा नीट वाटत नाही. कशाची वाटून घ्यायची तेच समजत नाही. मी स्वतः बी.ए., तेही इतिहास घेऊन. म्हणून आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं, त्यांनी दिलेलं वाचलं, आणखी थोडं शोधून वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

पहिली गोष्ट, मामा खोटं बोलले नाहीत. फ्लोरस्पार नावाचा एक दगड असतो, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला तो सापडतो, गुजरातेत आंबाडुंगरला सापडतो. धातू वितळवताना तो टाकला की मळी पातळ होऊन वाहू लागते, म्हणून लॅटिनमधल्या 'वाहणे' या शब्दावरून त्याला नाव पडलं. या दगडावर तीव्र गंधकाम्ल ओतलं की हायड्रोफ्लुओरिक ॲसिड मिळतं. स्वीडनच्या शेले या औषधविक्यानं १७७१ मध्ये ते करून पाहिलं. त्यात एक नवं मूलद्रव्य दडलं आहे हे लोकांनी ओळखलं, पण ते सुटं काही होईना. आयर्लंडचे नॉक्स बंधू त्यापायी गंभीर आजारी पडले. बेल्जियमचे लुए आणि फ्रान्समधल्या नान्सीचे निक्लेस तर प्राणालाच मुकले. शेवटी २६ जून १८८६ रोजी पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ यांनी प्लॅटिनम-इरिडियमच्या नळीत, थंडगार करून, विजेच्या साह्यानं तो वायू मोकळा केला. सिलिकॉनचा खडा त्यात धरला तर खडा आपोआप पेटला.

आता यातली गंमत ऐका. विज्ञान अकादमीची तज्ज्ञ मंडळी प्रयोग बघायला आली, तेव्हा वायू बाहेरच पडला नाही! पाहुणे पानावर बसले की नेमकी पुरी फुगत नाही, तशी गत. मागाहून कळलं की त्या दिवशी म्वासाँनी फार काळजीनं अगदी शुद्ध ॲसिड वापरलं होतं. आधीच्या खेपांना त्यात पोटॅशियमचा थोडा क्षार मिसळलेला असे आणि त्याच्याच आधारानं वीज वाहत असे. चूक कळली, क्षार घातला, वायू आला. १९०६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी ते वारले, ते मात्र अपेंडिक्सच्या दुखण्यानं.

हे सगळं सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं. आज हाच फ्लोरिन तुमच्या-माझ्या घरात कुठे कुठे आहे, ते पाहा. दातांच्या पेस्टमध्ये आहे हे जाहिरातीतून ठाऊक असतं. न चिकटणाऱ्या तव्यावर आहे. पण मला आश्चर्य वाटलं ते औषधांच्या डब्याचं. यजमानांची कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिनची गोळी घ्या, तिच्यात फ्लोरिनचा एक अणू आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्ये एक. नायट्यावर देतात त्या फ्लुकोनॅझोलमध्ये दोन. सासूबाईंच्या मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिनमध्ये चक्क सहा. बाजारातल्या औषधांपैकी साधारण पाचवा हिस्सा औषधांत फ्लोरिन असतो. कारण असं, की कार्बन आणि फ्लोरिनची गाठ एकदा बसली की सुटता सुटत नाही. आपलं यकृत औषधाचा रेणू कुरतडायला बसलेलं असतंच. जिथे ते आधी दात लावतं, त्या जागी फ्लोरिन बसवला की रेणू लवकर तुटत नाही, औषध अंगात जास्त वेळ टिकतं. कर्करोगाच्या रुग्णांची पेट तपासणी करतात, तिच्यातही किरणोत्सर्गी फ्लोरिन लागतो. तो सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो. म्हणजे रसायन बनवणाऱ्यांनी घड्याळाकडे बघत ते बनवायचं, रुग्णालयात पोचवायचं आणि टोचायचं. भाजी आणून निवडत बसायला वेळ नाही तिथे.

याच गाठीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी औषध कंपनीची वकिली करते आहे असं वाटायचं. न सुटणारी गाठ म्हणजे न कुजणारा कचरा. जुन्या फ्रिजमधल्या वायूंनी वर जाऊन ओझोनचा थर विरळ केला, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराप्रमाणे ते बंद करावे लागले. तवे, डाग न धरणारी कापडं यांसाठी वापरलेली काही फ्लोरिन-संयुगं पाण्यात आणि रक्तात वर्षानुवर्षं राहतात, आणि त्यांचं काय करावं यावर जगभर खल चालू आहे. (तव्याचं निघालंच आहे तर, न चिकटणारा तवा रिकामा, मोठ्या आचेवर ठेवून शेजारणीशी बोलायला जाऊ नका.) यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरीच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त. तिथल्या मुलांचे डागाळलेले दात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना फ्लोरिन हा काही नुसता परदेशी पाहुणा वाटणार नाही. मला वाटतं, म्हणूनच या विषयात डोकी हवीत. उपयोग सोडता येत नाही आणि उपद्रवही चालत नाही, अशी ही वस्तू.

बरं, मग पीएच.डी. करणारी मुलगी तिथे नेमकं करते काय? नमुना म्हणून ऑक्सफर्डचं घेऊ, कारण या विषयातलं एक नामांकित घर तिथे आहे आणि त्या घराची कर्ती एक बाई आहे. वेरोनिक गुव्हर्न्यूर त्यांचं नाव. मूळच्या बेल्जियमच्या. तिथेच लुव्हँ विद्यापीठात त्यांनी १९९१ मध्ये पीएच.डी. केली, मग अमेरिका, मग फ्रान्स, आणि १९९८ पासून ऑक्सफर्ड. २०२२ मध्ये त्या तिथल्या वेनफ्लीट प्राध्यापक झाल्या.

त्यांच्या गटाच्या दोन कामांनी माझ्यासारखीलाही विषय कळला. मिठाचा खडा तेलात टाकला तर विरघळतो का? नाही ना. फ्लोरिनचे क्षार असेच. रेणू घडवायचे असतात तेलासारख्या द्रावणात, आणि फ्लोराइड बसतो खड्यात, ढिम्म. आता इथे उत्प्रेरक येतो. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारी मध्यस्थ बाई समजा. ती दोघांची गाठ घालून देते, अक्षता पडल्या की स्वतः जशी होती तशी पुढच्या घरी जाते. फक्त ही मध्यस्थ मानपानाची साडी घेत नाही. २०१८ मध्ये या गटानं असा उत्प्रेरक दाखवला, की तो खड्यातला फ्लोराइड हलकेच चिमटीत धरून द्रावणात आणतो आणि हव्या त्या जागी बसवतो. शिवाय हव्या त्याच बाजूनं. कित्येक रेणू डाव्या-उजव्या चपलेसारखे असतात, दिसायला सारखे, पण एकाची जागा दुसऱ्याला चालत नाही. औषधात डावी चप्पल हवी असेल तर उजवी निरुपयोगी, कधी अपायकारकही. ही युक्ती सुचली कुठून, तर मातीतल्या एका सूक्ष्म जीवाकडून. कार्बनला फ्लोरिन जोडणारं विकर त्या जीवात असतं, हे स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या डेव्हिड ओहेगन यांच्या गटानं २००२ मध्ये दाखवलं होतं. त्या विकराची पकड पाहून या लोकांनी आपली चिमटी बनवली.

दुसरं काम तर आपल्या स्वयंपाकघरातलंच म्हणायचं. शेलेच्या वेळेपासून आजतागायत फ्लोरिनचं जवळजवळ प्रत्येक रसायन त्या हायड्रोफ्लुओरिक ॲसिडाच्या पायरीवरूनच येतं. दगड, गंधकाम्ल, भरपूर उष्णता, आणि मग ते जीवघेणं ॲसिड टाक्यांमधून सांभाळत न्यायचं. अडीचशे वर्षं हीच रीत. २०२३ च्या जुलैत ऑक्सफर्डच्या या मंडळींनी 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध केलं, की दगडाची पूड पोटॅशियमच्या फॉस्फेट क्षाराबरोबर पोलादी गोळे घातलेल्या डब्यात जोरानं घुसळली, म्हणजे यांत्रिक खलबत्त्यात कुटलीच म्हणा ना, तर मधलं ॲसिड अजिबात न बनवता कामाची पांढरी भुकटी मिळते. तिच्यापासून त्यांनी पन्नासएक संयुगं करून दाखवली. आपले दात आणि हाडं कॅल्शियम-फॉस्फेटची बनतात, त्यावरून ही कल्पना निघाली. आणि हे कुटण्याचं, मोजण्याचं, फसलं की पुन्हा कुटण्याचं काम कोण करतं? बरंचसं पीएच.डी.ची मुलं-मुलीच. म्हणजे ज्या ॲसिडाला सांगलीच्या ताई भितात, ते जगातून कमी कसं करावं हेच यातल्या काही पोरांच्या अभ्यासाचं काम आहे.

आता धोक्याचं. तो आहे, आणि मी तो झाकणार नाही. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड काच खातं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. पातळ असलं तर अंगावर पडल्याचं लगेच कळतही नाही. आग काही तासांनी सुरू होते, तोवर ते आत उतरून शरीरातलं कॅल्शियम धरून बसलेलं असतं. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की हृदयाला धोका. उपाय ठरलेला आहे. ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरणं, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळत राहणं आणि थेट इस्पितळ. (गंज काढण्याच्या काही द्रावणांत हेच ॲसिड असतं. घरात असेल तर बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा.) पण या विषयातले बहुतेक विद्यार्थी शुद्ध फ्लोरिन वायू डोळ्यांनी पाहतही नाहीत. हल्ली माणसाळवलेली फ्लोरिन-द्रव्यं मिळतात. त्यांतलं एक तर पांढरी पूड आहे आणि उघड्या हवेत तोलता येतं. वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात हात घालून काम, डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे.

तेव्हा लेकीला "विषारी आहे का गं?" असं विचारू नका. ती "नाही गं आई" म्हणेल आणि विषय संपेल. तिला विचारा, ते जेल प्रयोगशाळेत कुठल्या कप्प्यात असतं? रात्री एकटीनं ॲसिडाचं काम करू देतात का? पहिल्या आठवड्यात शिकवायला कोण असतं? जिथं शिस्त आहे तिथली मुलगी ही उत्तरं धडाधडा देईल. जिला देता येणार नाहीत तिची काळजी करा, मग विषय फ्लोरिनचा असो की अत्तराचा.

मला मात्र दुसरीच काळजी जास्त वाटते. इतकं वाचल्यावर, आणि ज्या दोन-चार मुली यातून गेल्या त्यांच्याशी बोलल्यावर, माझं मत असं झालं आहे की पीएच.डी.तली पोरगी ॲसिडानं पोळत नाही, ती फसलेल्या प्रयोगांनी पोळते. सकाळी काचेच्या चंबूत हवा काढून, नायट्रोजन भरून प्रयोग मांडायचा, कारण ओलाव्याचा थेंबही चालत नाही. रात्रभर तो ढवळत राहतो. दुसऱ्या दिवशी यंत्रात घालून पाहायचं, फ्लोरिन बसला का? बसला असेल तर पांढऱ्या वाळूसारख्या सिलिकाच्या नळीतून थेंब थेंब गाळून तो वेगळा करायचा, त्यात दुपार जाते. आणि बहुतेक वेळा बसलेला नसतोच. असे महिने जातात. शाळेत पहिली येणाऱ्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदाच रोज नापास व्हायची सवय करावी लागते, तीही घरापासून चार-पाच हजार मैलांवर, चार वाजता अंधार पडणाऱ्या हिवाळ्यात. अशा वेळी इकडून फोनवर आपण काय विचारतो? "झालं का गं? अजून किती राहिलं?" पोळी भाजली का विचारावं तसं. त्याऐवजी आज काय मांडलं होतंस, एवढं विचारलं आणि न कळता ऐकून घेतलं, तरी पुष्कळ. आपल्याला नाही का, दिवसभराचं सगळं कुणीतरी नुसतं ऐकून घ्यावंसं वाटत?

आणि खरी चौकशी करायची ती मार्गदर्शकाची. मुलगी द्यायच्या आधी आपण मुलाच्या गावी माणूस पाठवतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो. इथे तर चार वर्षं ज्यांच्या हाताखाली काढायची त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही. त्या गटातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना तिनं पत्र टाकावं. किती वर्षांत संपलं? मध्येच सोडून गेले ते का गेले? आजारी पडलात तेव्हा काय झालं? आठवड्यातून एकदा तरी भेट मिळते का? उत्तर गुळमुळीत आलं तर समजावं. प्रवेशाचं पत्र कितीही मोठ्या विद्यापीठाचं असो.

पैशाचंही नीट वाचून घ्या. शिष्यवृत्ती म्हटलं की आपण पेढे वाटतो, पण ती कशाकशाला पुरते ते पत्रात असतं. इंग्लंडच्या सरकारी संशोधन संस्थेनं २०२५-२६ या वर्षासाठी किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड ठरवलं. एकटीला काटकसरीनं चालवता येईल इतकं ते आहे. मात्र परदेशी विद्यार्थ्याची फी तिथल्यापेक्षा पुष्कळ जास्त असते, तो वरचा फरक कोण भरणार हे लेखी असावं. व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार भरावा लागतो, २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम. हा आकडा ऐनवेळी कळला की धावपळ होते. शिवाय रसायनशास्त्राला 'एटास' नावाचं एक वेगळं परवानगीपत्र लागतं. फ्लोरिनसारख्या विषयांचा दुरुपयोग शस्त्रांसाठी होऊ शकतो, म्हणून तिथलं सरकार आधी तपासून घेतं. घाबरण्याचं कारण नाही, पण त्याला काही आठवडे लागतात, तेव्हा विमानाचं तिकीट आधी काढू नका.

आता ता. क.

दोन पानांच्या पत्रात मामांचं मत आहे, स्थळाचा उल्लेख आहे, ताईंची भीती आहे. मुलगी स्वतः काय म्हणते, त्याबद्दल एक ओळ नाही. ताई, रागावू नका, पण पत्र दोनदा वाचून पाहिलं मी. तिनं अर्ज केला, मुलाखत दिली, जागा मिळवली, ते काय झोपेत केलं? तिला लग्न नकोच आहे असंही मी म्हणत नाही. कदाचित हवं असेल. हाच मुलगा हवा असेल. तिच्याशी बोलायच्या आधी तुम्ही माझ्याशी बोललात, एवढंच म्हणते.

स्थळाकडच्यांना आकडा स्पष्ट सांगा. तिकडे पीएच.डी. साधारण साडेतीन-चार वर्षांत संपते. ऑक्सफर्डला तिला डी.फिल. म्हणतात. मध्ये दोन वेळा परीक्षकांसमोर काम दाखवून पुढं जायची मुभा मिळवावी लागते, शेवटी प्रबंध आणि दोन परीक्षकांपुढं तोंडी परीक्षा. हे सांगून जर ते म्हणाले, "थांबतो", तर उत्तम. म्हणाले, "लग्न करून जाऊ दे", तर तीही सोय आहे. १ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडनं बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब नेण्याची बंदी केली, पण संशोधनाच्या पदवीला जाणाऱ्यांना ती लागू नाही, नवऱ्याला बरोबर नेता येतं. बायकोच्या शिक्षणापायी नवऱ्यानं परगावी बिऱ्हाड करायचं, हे ऐकल्यावर मुलाच्या आईचा चेहरा कसा होतो ते बघून घ्या, पुष्कळ कळेल. आणि म्हणाले, "सोडून दे", तर ते स्थळ चांगलं आहे असं तुम्ही कशावरून लिहिलंत?

त्या म्वासाँचं मघाशी सांगायचं राहिलं. १८८२ मध्ये त्याचं लग्न झालं लेओनी ल्यूगाँ हिच्याशी. तिचे वडील औषधविक्रेते. जावयाला पोटापाण्याच्या मागं धावावं लागू नये, प्रयोग करता यावेत, म्हणून त्यांनी पैशाचा भार उचलला. चार वर्षांनी फ्लोरिन सापडला. सासऱ्यानं जावयासाठी केलं, त्याचं इतिहासात कौतुक आहे. सुनेसाठी असं केलेला सासरा मी शोधत होते. पुस्तकात नाही सापडला. तुमच्या ओळखीत असेल तर जरूर कळवा, या पानावर त्यांचा फोटो छापू!

वयाचं म्हणाल तर आपल्या कमलाबाई सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, १९३३ मध्ये एक वर्षाच्या अटीवर शिरल्या, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली आणि १९४७ मध्ये, पस्तिशीच्या आसपास, लग्न केलं. संसारही केला आणि विज्ञानही. पुढं ग्राहक चळवळीत राहून अन्नातली भेसळ कशी ओळखावी हे बायकांना शिकवलं. त्याच ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांना १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्या तीन मुलांच्या आई होत्या, आणि हातापायांचे सांधे तरुणपणापासून संधिवातानं वाकडे झालेले. अशी नावं सांगितली की कुणीतरी म्हणतंच, "त्या असामान्य होत्या हो." असतील. पण त्यांच्या वेळी तीस हे काही आजच्यापेक्षा कमी वय धरत नव्हते.

ज्यांच्या मुलींना बाहेर जायचं नाही किंवा जमत नाही, त्यांच्यासाठी थोडं इकडचं. कनिष्ठ संशोधकाची पाठ्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली, दोन वर्षांनंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत. पुनर्नोंदणीनं दोन वाढतात आणि स्त्रियांना आणखी दोन, मात्र सगळी मिळून दहाच्या वर नाहीत. बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. आणि हे फार थोड्या जणींना माहीत असतं, की लग्नामुळं गाव बदललं तर केलेलं काम दुसऱ्या विद्यापीठात घेऊन जाता येतं. तसा नियमच आहे. "लग्न झालं, म्हणून सुटलं" असं सांगणाऱ्या कितीजणींना हे त्या वेळी कुणी सांगितलं असेल?

शेवटी सामानाचं. मुलगी जाणारच असं ठरलं, तर आईचे हात बॅग भरल्याशिवाय राहणार नाहीत. प्रयोगशाळेत नायलॉन-टेरिलिन नको. आगीपाशी ते वितळून अंगाला चिकटतं. सुती, पायघोळ नसलेले कपडे द्या, ओढणी लोंबेल असं काही नको. बूट पूर्ण झाकलेले, चपला-सँडल चालत नाहीत. केस बांधायला चार-सहा जाड रिबिनी. बांगड्या आणि अंगठ्या मोज्यांत अडकतात, त्या काढून ठेवायला एक छोटी डबी. लाडू-चिवडा अवश्य, पण प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच खायचा, हे बजावून. मोजे, चष्मा आणि पांढरा कोट तिकडेच मिळतात, ते इथून घेऊन वजन वाढवू नका.